कपारीआईची न झाडलेली धूळ

अहो, थांबा! चपला बाहेर काढल्यात ते बरं केलंत, पण पाय त्या धुळीत नको. कपारीखालची ही दोन हात रुंद पट्टी सोडून पलीकडून या. बाकी देऊळ लख्ख आणि एवढीच जागा मळकट, म्हणून लोक आम्हा गुरवांकडे बघून नाकं मुरडतात. मुरडा बापडे! जरा वाकून बघा. धुळीत नरसाळ्यासारखे खळगे दिसतात ना? प्रत्येकाच्या तळाशी एक धुळकिडा दबा धरून बसलेला असतो. मुंगी कडेवरून घसरली, की खालून धूळ उडवून तिला पाडतो आणि गट्ट करतो. रूप म्हणाल तर ओंगळ. पोट फुगलेलं, तोंडाला आकडे, आणि चालतो तोही मागं मागं. पण इथं त्याच्यावर झाडू फिरवायचा नाही. ही रीत कशी पडली, ते आमच्या घरात असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. कपारीची झाडलोट तेव्हा साळूबाई गुरवीण करायची. नवरा गेलेला, पदरात एकच लेक, ठकू. पोरगी म्हणे इतकी देखणी, की बाजाराला निघालेल्या बाया तिच्यावरून बोटं मोडल्याशिवाय पुढं जात नसत. नवव्या वर्षी तिला देवी आल्या. जीव वाचला, पण तोंडाची पार चाळण झाली. गालाला हात लावणाऱ्या त्याच बाया आता "अगं बाई!" म्हणून तोंड फिरवू लागल्या. पोरीनं ते पाहिलं आणि बोलणंच टाकलं. आईचं जुनेर डोक्यावरून ओढून ती दिवसभर कपारीच्या कोपऱ्यात बसून राहायची.

साळूबाईचं काळीज तुटायचं. तिनं देवीला नवस बोलला, "आई, तीन वर्षं रोज सूर्य उगवायच्या आत तुझी कपार झाडीन. धुळीचा कण ठेवणार नाही, एक दिवस चुकणार नाही. माझ्या लेकीचं तोंड पहिल्यासारखं कर."

आता बघा, बाईची सेवा खरी, पण डोळे कुठं होते? गुरवाच्या घरात झाडू हीच अर्धी पूजा. त्यामुळं जी दिसेल ती धूळ झाडायची, एवढंच तिला ठाऊक. ठकू बसायची त्याच कोपऱ्यात हे किडे असायचे. जुनेराच्या फटीतून पोरीला जगातलं तेवढंच दिसायचं. आईचा झाडू फिरला की खळगे मोडायचे. मग ठकू केरातून एकेक किडा वेचायची, कपारीची झडलेली माती ओंजळीनं आणून टाकायची आणि किडे तिच्यात सोडायची. संध्याकाळपर्यंत नवे खळगे तयार!

"देवाच्या दारातली घाण ती, हातात काय घेतेस?" साळूबाई करवादायची. ठकू आपली वेचतच राहायची.

असं करता करता तीन वर्षं भरायला तीनच दिवस उरले. लेकीच्या गालावर एक व्रण कमी झाला नव्हता, पण देवी शेवटच्या दिवशीच हात फिरवेल, या आशेवर बाई होती. त्या पहाटे ती झाडू घेऊन आली, तर ठकू धुळीच्या कडेला आडवी पडून, हातांचा वेढा करून ती धूळ राखत होती.

"ऊठ बाळा, उजाडायला आलं." पोरगी हलेना. साळूबाईनं तिच्या दंडाला धरून ओढलं. तेव्हा तीन वर्षांत पहिल्यांदा ठकू बोलली.

"आई, झाडू नको गं. मातीच्या गोळ्या करून आत बसलेत ते. त्यांचं अजून व्हायचंय."

साळूबाईनं तिचा दंड सोडला. हसावं की रडावं तिला कळेना. पण पूर्वेला तांबडं फुटत होतं. नवस मोडला तर लेकीचं तोंड जन्मभर असंच राहणार. पाळायचा तर लेकीला फरपटत बाजूला करायचं, तेही ती बोलली त्याच घडीला. जुनेर घसरलं होतं. इतकी वर्षं बाई त्या तोंडावरचे व्रणच निरखत आली होती. आज तिनं लेकीचे डोळे पाहिले. झाडू टाकून तिनं देवीपुढं हात जोडले.

"आई, मोडला तुझा नवस. काय कोप करायचा तो माझ्यावर कर. पोरीला बोलू दे."

मग माय-लेकी तिथंच बसून राहिल्या. सूर्य वर आला.

दिवेलागणीला गाव आरतीला जमला, तेव्हा धुळीतल्या गोळ्या फुटल्या. त्यांतून काटकुळे जीव बाहेर आले आणि कपारीच्या भिंतीवर चढले. चुरगळलेले पंख हळूहळू पसरले. चतुरासारखे लांब, जाळीदार पंख! मग एकेक जण लटपटत उडाला. ठकू त्यांच्यामागं धावली, ती थेट अंगणात, सगळ्या गावापुढं, उघड्या तोंडानं. "बघा, बघा गं, उडाले!" असं ओरडत होती. लोक तिच्या तोंडाकडे बघत होते, पण तिला कुठं भान होतं! साळूबाई मात्र खांबाला धरून ढसाढसा रडली.

काही जण सांगतात, ठकूचे व्रण त्याच रात्री गेले. साफ थापा! एकही गेला नाही. पुढं तीच इथली पुजारीण झाली. एका सरदारानं म्हणे देवीसाठी चांदीचा मुखवटा आणला. देवीची शिळा खडबडीत, तिला नाक ना डोळे, म्हणून त्याला वाईट वाटलं. ठकूनं तो हातात घेतला, न्याहाळला आणि परत केला. "दादा, काम सुरेख आहे," ती म्हणाली, "पण माझी आई तोंड झाकत नाही."

आजही कपारीआईला मुखवटा चढत नाही. चला आत. अगदी जवळ जाऊन बघा.