लाकडी मासोळ्यांची पेटी

एका राज्यात राजाला मासे धरण्याचा भारी शौक होता, आणि त्या शौकाचा जाच सगळी प्रजा सोसत होती. गळाला लावायला राजाकडे पेटीभर लाकडी मासोळ्या होत्या, रंगीत आणि हुबेहूब. पण त्या कुणा सुताराने घडवलेल्या नव्हत्या. राजाला जो उलटून बोले, त्याला दरबारचा जादूगार मंत्र फुंकून मासोळी करी, पोटाशी गळ अडकवी आणि पेटीत फेकी. हा म्हणे न्याय! आणि दरबारी माना डोलवीत बसत.

तळ्याकाठी सगुणा भोईण राही. मासळी गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरली की तळ्यात गळ टाकायचा नाही, ही भोयांची रीत. नेमका त्याच दिवसांत राजा गळ घेऊन आला. सगुणाचा नवरा धाकू आडवा आला, म्हणून त्याचीही मासोळी झाली. सगुणा राजवाड्याच्या दाराशी जाऊन भांडली, तर शिपायांनी तिला ढकलून दिलं.

त्या राज्यात पक्षी बोलत, आणि दरबाऱ्यांपेक्षा खरं बोलत. तळ्यावरचा खंड्या तिला म्हणाला, "राजाने आपल्या तोंडाने चूक कबूल केली, तरच मंत्र सुटेल."

"मग झालंच म्हणायचं," सगुणा म्हणाली, आणि रागाने तिला रडू फुटलं.

पुढे पेटीतल्या मासोळ्यांचे गळ गंजले, रंगाचे पोपडे सुटले. राजाने दवंडी पिटवली की जो तीन मासोळ्या नव्यासारख्या करील, त्याने त्यांतली हवी ती घेऊन जावी. सगुणा धावतच गेली.

पहिलीचा गंज तिने चिंचेच्या कोळात भिजवून, राखेने घासून काढला. राजाने नाक मुरडलं. दुसरीचा रंग कोमट तेलाने मऊ करून उतरवला, लाखेचा नवा हात दिला, गुंजेचे डोळे बसवले. राजा नुसता हुं म्हणाला. तिसरी हाती घेतली तर तिच्या कपाळावर धाकूच्या कपाळावरचा व्रण! तिने ती पदराने पुसली, बोटांनीच रंगवली. बोथट गळ ठेवायचा नाही, या हाताच्या सवयीने तिने गळालाही कानस लावली. मग नवऱ्याच्या पोटाशी असलेला गळ आपणच तीक्ष्ण केला म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या.

तिने तीच मासोळी मागितली. राजा म्हणाला, "ही सर्वांत देखणी आहे. ही उद्या पाण्यात सोडू."

"महाराज, आपण शब्द दिला होता. आणि हे दिवस गाभोळीचे आहेत."

"शब्द आमचा आहे. आम्ही दिला, आम्ही परत घेतला."

राजाला लाज म्हणून नाही! त्याने मासोळी कौतुकाने उचलली, आणि गळ त्याच्या अंगठ्यात घुसला. जादूगाराने तो ओढला, तसा गळाचा उलटा काटा आणखी रुतला. मंत्र फुंकायची सोय नव्हती, कारण त्याला एकच मंत्र येई, आणि त्याने राजाचंच लाकूड झालं असतं. राजा गडाबडा लोळू लागला.

सगुणा म्हणाली, "गळ मी काढते. आधी चूक कबूल करा."

"झाली असेल चूक," राजा कण्हला. मासोळी हलली नाही.

"कुणाची?"

"जादूगाराची." तरीही हलली नाही. सगुणा पाठ फिरवून दाराकडे निघाली.

"माझी!" राजा ओरडला. "चूक माझी. धाकूचं बरोबर होतं."

तत्क्षणी लाकडाचा धाकू झाला. पेटीचं झाकण उडालं आणि त्यातून माणसं बाहेर पडली, कुणी खोकत, कुणी संतापून बोलत. जादूगाराचा मंत्र गेला तो गेलाच. गाभोळीच्या दिवसांत त्या तळ्यात पुढे राजानेही गळ टाकला नाही.

गळ तेवढा अंगठ्यातच राहिला होता. धाकू म्हणाला, राहू दे तसाच, चल घरी. पण सगुणाने शब्द दिला होता, आणि ती काही राजा नव्हती. उलट्या काट्याचा गळ मागे ओढत नाहीत, पुढे ढकलून पार काढतात आणि काटा तोडतात. तिने तसंच केलं. राजा किंचाळला, आणि तिने त्याला पोटभर किंचाळू दिलं.