दारातली म्हैस

एका वृद्ध कवीचा एक शिष्य होता. छंद, अलंकार, रस, चार वर्षांत सगळं मुखोद्गत. कविता मात्र एकही नाही. पहिली ओळ मनात उगवली रे उगवली की तो तिच्यात खोट काढी आणि तिला तिथल्या तिथे गाडून टाकी.

अशा या पंडिताचं लग्न झालं. वरात घरी आली आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या धाकट्या बहिणीनं दार अडवलं. "दादा, वहिनीचं नाव घे, तरच आत!" नवरी रेवतीनं तर आपला उखाणा झटक्यात घेऊन टाकला होता. आत पानं मांडलेली, माणसं भुकेली, आणि हा आपला आकाशाकडे बघतोय! चंद्र सुचला, तो शिळा वाटला. कमळ सुचलं, तेही नको.

"एवढा कवीचा शिष्य, आणि बायकोचं नाव घेता येईना?" आत्याबाई कडाडल्या. रेवती हळूच पुटपुटली, "अहो, पाय दुखले माझे." बिचाऱ्याला आता रडू फुटायचंच बाकी होतं.

इतक्यात गर्दीतून गुरुजींचा खणखणीत आवाज आला, "दारात बसली म्हैस, करते आहे रवंथ!"

सारं अंगण खो खो हसलं. नव्या नवरीच्या स्वागताला म्हैस! शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या लग्नाची शोभा म्हशीवर संपावी, हे त्याला सोसवेना. तो ओरडलाच,

"चार वर्षं चाळले मी काव्यशास्त्राचे ग्रंथ;
एक ओळ सुचेना, ताटकळली पंगत,
रेवतीच्या साथीनं येईल संसाराला रंगत!"

टाळ्या पडल्या. बहीण बाजूला झाली, रेवतीनं माप ओलांडलं आणि सगळे जेवायला बसले.

जेवणानंतर शिष्य गुरुजींपुढे उभा राहिला. "गुरुजी, तुम्ही एवढे मोठे कवी, आणि इतकी टुकार ओळ?"

गुरुजी पानाला चुना लावत म्हणाले, "अरे, माझ्या बहुतेक कविता असल्याच ओळींनी सुरू झाल्या. सुंदर ओळ दिली असती, तर तू वाहवा म्हणत तिथेच उभा राहिला असतास. वाईट ओळ कानी पडली, की तिची लाज राखायला पुढची धावत येते. कवितेला आधी ओठांबाहेर तर पडू दे. शहाणपण मागाहून शिकव."

शिष्य जरा घुटमळला. "पण ती म्हैस काढून टाकली तर चालेल ना?"

"खुशाल काढ! आज तुझ्याजवळ काढण्याजोगं काहीतरी आहे."

शिष्य हसला आणि चार वर्षांत पहिल्यांदाच त्यानं कागद मागितला.