पाय मागाहून फुटतात

एका गावात नारबा नावाचा एक भोळा माणूस होता. बाकीचं गाव शहाणं होतं, असं गावच सांगत असे.

दिवस साधाच होता. नारबा परसातल्या हौदाशी म्हशीला पाणी पाजत होता. तेवढ्यात मेहुणा आला आणि म्हणाला, "दाजी, ताईला मुलगी झाली."

"कुणाच्या ताईला?"

"माझ्या. म्हणजे तुमच्या बायकोला."

"मग ती माझी कोण लागली?"

"मुलगी लागली, दाजी."

नारबाला फार आनंद झाला. त्या भरात त्यानं मेहुण्यालाही हौदावर नेऊन पाणी पाजलं. पाणी पिऊन मेहुण्यानं ताईचा, म्हणजे केसरचा, निरोप सांगितला. सव्वा महिन्यानं येते. बारसं आपल्याच घरी करायचं. सासूबाईंचं नाव ठेवायचं. तोवर डोकं चालवू नका.

आई गेल्या थंडीत गेली होती. तिचं नाव मुक्ता. नारबा तिला आई म्हणे, केसर सासूबाई म्हणे. नावानं हाक मारणाऱ्यांत एक आत्या तेवढ्या उरल्या होत्या, आणि त्यांचं गाव लांब. बारशाला ते नाव घरात पुन्हा ऐकू येईल. नारबाला दुसरं काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदात काळ्या मण्यांची पोत दिसली. लांबच लांब, पाण्यातल्या काडीला वेढे घालून पडलेली. सापडलेली वस्तू ज्याची त्याला द्यावी, असं आईनं शिकवलं होतं. नारबानं ती ताटात घेतली आणि थेट पाटलीणबाईंकडे गेला. एवढी लांब पोत दुसऱ्या कुणाला परवडणार?

"बाई, तुमची पोत."

पाटलीणबाईंनी हात लावला. पोत बोटांतून घसरली आणि पदराला चिकटली. ओसरीवर शाळेतले गुरुजी बसले होते. ते वाकून बघत म्हणाले, "नारबा, ही भेकाची अंडी. तो खरबरीत पाठीचा बेडूक असतो ना, दिव्याखाली बसून किडे खातो, तो. त्याची मादी पाण्यात अशी माळ घालते."

"म्हणजे बाईंची नाहीत?"

"नाहीत," पाटलीणबाई म्हणाल्या.

"हौदात नेऊन सोड," गुरुजी म्हणाले. "पाण्यातलं पाण्यात असू द्यावं."

"चुकलंच माझं. मी दगड तो दगडच. पुढच्या खेपेला ध्यानात ठेवीन."

नारबा ध्यानात ठेवायचा. सगळी अडचण तिथंच होती.

चार दिवसांनी अंडी फुटली आणि हौदात काळे ठिपके वळवळू लागले. नुसतं डोकं आणि शेपूट. त्याच दिवशी कोंडाबाई सुके बोंबील विकायला आली. टोपली नारबाच्या ओट्यावर ठेवून ती शेजारी गप्पा मारायला गेली. नारबानं टोपलीत डोकावलं. मासेच ते. केव्हापासून कोरड्यात पडलेत, वाकडे झालेत बिचारे. त्यानं टोपली उचलली आणि ओढ्यात उपडी केली.

"मेल्या, माझे बोंबील!"

"पोहायला लागतील आता, मावशी. जरा आखडलेत, एवढंच."

"वाळवलेलं कुणी भिजवतं का रे? एकदा पाण्यातून काढलं की कोरडं ठेवायचं असतं."

"चुकलंच माझं. मी दगड तो दगडच."

दोन दिवसांनी शेजारच्या अनसाकाकूंनी भिजवलेली मटकी ओल्या फडक्यात बांधून ठेवली आणि "जरा लक्ष ठेव रे" म्हणून त्या देवळात गेल्या. नारबानं लक्ष ठेवलं. मटकी पाण्यातून काढलेली, आणि अजून ओली. त्यानं ती पत्र्यावर कडक उन्हात पसरली.

काकूंनी कपाळाला हात लावला. "अरे, मोड यायचे होते तिला. जे फुटायचं असतं त्याला हात लावू नये, बाबा. थांबावं. आपोआप फुटतं."

"चुकलंच माझं, काकू. आता थांबत जाईन."

मग तो हौदाशी थांबू लागला. गुरुजीही संध्याकाळी येत. वळवळणाऱ्यांना आता मागचे पाय फुटले होते.

"आता पुढचे येतील," गुरुजी म्हणाले. "मग शेपूट जाईल."

"तुटेल?"

"तुटत नाही. अंगातच जिरतं. तेवढे दिवस त्याला खाता येत नाही, शेपटावरच भागतं. आणि हौदात एक दगड ठेव, अर्धा वर राहील असा. शेपूट गेलं की पाण्यातच राहून चालत नाही. बुडून मरतं."

"पाण्यात जन्मलेलं पाण्यात बुडतं?"

"बुडतं. ते आता वेगळं झालेलं असतं ना. रूप बदलतं, जीव तोच. ओळखू येत नाही म्हणून टाकून देऊ नये."

नारबानं दगड ठेवला. बाकीचंही ध्यानात ठेवलं.

आठवडाभरानं एक गिऱ्हाईक रेडकू बघायला आलं. नारबानं रेडकाला मागून पुढून न्याहाळलं आणि मान हलवली.

"अजून कच्चं आहे. चारी पाय आलेत, पण शेपूट जिरलेलं नाही."

"काय जिरलं नाही?"

"शेपूट. जिरलं की निरोप धाडतो."

गिऱ्हाईक गेलं. ते परत आलं नाही.

सव्वा महिना झाला. हौदातली भेकं नखाएवढी होऊन दगडावरून उड्या मारत परसात पांगली, आणि केसर बाळाला घेऊन आली. बाळ गुंडाळलेलं आणि भुकेलं. ती तशीच आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून पाजायला बसली. "नंतर बघा," एवढंच म्हणाली. नारबा थांबला.

माजघरात पाळणा टांगला होता. पाळणा रिकामा हलवू नये म्हणून बायकांनी रिवाजाप्रमाणे आधी वरवंट्याला टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळून त्याला पाळण्यात निजवलं आणि त्या पानसुपारीच्या तयारीला गेल्या. नारबानं आजवर बारसं बाहेरच्या ओट्यावरूनच ऐकलेलं.

तो हळूच पाळण्याशी आला. आपल्या मुलीला त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. काळी, गार, गुळगुळीत. हात नाहीत, पाय नाहीत. नारबा घाबरला नाही. सुरुवातीला असंच असतं. शेपूटही दिसत नव्हतं, ते यायचं असेल. त्यानं तिला उचललं. चांगली जड होती.

"पोरगी बापावर गेली," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात आत्या आल्या. नारबाला बहीण नव्हती, म्हणून नाव ठेवायचा मान त्यांचा. डोळ्यांनी अधू, आणि परतीची गाडी धरायची घाई.

"आण रे बाळ. कान कुठंय?"

"अजून फुटला नाही, आत्या. तुम्ही अंदाजानं सांगा."

आत्यांनाही कमी ऐकू यायचं. त्या वाकल्या, टोपड्याला ओठ लावले आणि दम घेऊन म्हणाल्या, "मुक्ता." मग पुन्हा एकदा म्हणाल्या. पहिल्यांदा मुलीसाठी, दुसऱ्यांदा बहुधा भावजयीसाठी.

 नारबा मुक्ताला घेऊन परसात गेला, तिचं टोपडं काढलं, तिला हौदात अलगद सोडलं आणि दगड जवळ सरकवला, चढायला.

हात पुसत तो आत आला, तर केसर पाळण्याशी उभी. तिच्या हातांवर कोणीतरी होतं.

"वरवंटा कुठाय? पाळणा रिकामा ठेवलात का?"

"मुक्ता होती ना. तिला हौदात सोडून आलो."

"कोण मुक्ता?"

"आपली. आत्यांनी नाव ठेवलं की आत्ता."

बायका हौदाकडे धावल्या. नारबा जागचा हलला नाही. केसरच्या हातांवर दोन गुलाबी पाय हलत होते. त्यानं एकेक बोट धरून पाहिलं. मग दुपटं उचलून मागून पाहिलं.

"इतक्यात पाय फुटले?" तो म्हणाला. "आणि शेपूटही जिरलं?"

बायकांनी वरवंटा काढून पुसला. आत्या म्हणाल्या, कानात सांगितलेलं नाव परत घेता येत नाही, आणि एका घरात दोन मुक्ता चालत नाहीत. मग त्यांची गाडी आली आणि त्या गेल्या.

वरवंट्याचं नाव मुक्ता आहे. मुलीचं नाव अजून ठेवलेलं नाही.