वाळायला ठेवलेली ढोली

चार बाभळी सोडल्या तर नाव घ्यावे असे झाड नाही, अशा एका माळावर एक सुतारपक्षी आणि त्याची सुतारपक्षीण राहत असत. बाभळीच्या खोडात किडे ते किती असणार? दिवसभर ठोकून चोच दुखायची आणि पोट अर्धेच भरायचे. एके दिवशी एक साळुंकी तिथे विसाव्याला उतरली. त्यांचे हाल बघून ती म्हणाली, "अरे, इथे कशाला कुजत पडलात? नदीकाठच्या राईत चला. झाडं जुनी, किड्यांनी भरलेली. खोड साफ करणारा आणि ढोली कोरणारा तिथे कुणी नाही."

सुतारपक्षी हरखून गेला. काम रोज मिळेल का, झाडे किती आहेत, लाकूड कसे आहे, सगळे त्याने खोदून खोदून विचारले. सुतारपक्षिणीने एकच विचारले, "आणि राहायला?" तेव्हा हा ऐटीत म्हणाला, "घरं कोरणं हाच माझा धंदा. मला घराची कसली काळजी?" इथेच तो चुकला, मुलांनो. पण पोट रिकामे असले की माणूस काय आणि पक्षी काय, पुढचा प्रश्न विचारत नाही.

राईत साळुंकीने सांगितले तसेच काम होते. सुतारपक्षी पहाटेपासून खोडे साफ करी. त्याने घुबडासाठी ढोली कोरली, पिंगळ्यासाठी कोरली. राईचा पुढारी एक पोपट होता. तो मान वाकडी करून म्हणे, "वा, राईला असाच कष्टाळू हवा होता." पुढे सुतारपक्षिणीचे अंडी घालायचे दिवस जवळ आले. तेव्हा त्याने जुन्या आंब्यात स्वतःसाठी ढोली कोरली. आता सुतारपक्ष्यांची एक रीत असते. ढोली कोरली की लगेच आत जायचे नाही. ओल्या लाकडात अंडी नासतात, म्हणून ढोली आधी वाळू द्यायची. त्यानेही ती वाळायला ठेवली. परत येऊन बघतो तो आत पोपट ऐसपैस बसलेला.

"ही माझी ढोली आहे," सुतारपक्षी म्हणाला.

"मोकळी होती, बसलो," पोपट म्हणाला. "कोरायचं काम तुझं. राहायचा हक्क राईतल्यांचा. तू आहेस का इथला?"

सुतारपक्ष्याने राग गिळला आणि जांभळीत दुसरी ढोली कोरली. तीही वाळायला ठेवली, कारण रीत सोडणे त्याला जमेना. या वेळी आत साळुंकी निघाली, त्याला इथे घेऊन आलेलीच.

"तूच ना आम्हांला बोलावलंस?" सुतारपक्षीण म्हणाली.

"काम आहे म्हणाले होते, ते मिळालं ना?" साळुंकी पंख साफ करत म्हणाली. "घर मिळेल असं कधी म्हणाले?"

तिसरी ढोली कोरून व्हायच्या आत अंडे आले. सुतारपक्षिणीने ते दोन फांद्यांच्या बेचक्यात ठेवले आणि पंख पसरून त्यावर बसली. पण वारा सुटला, फांदी हलली आणि अंडे खाली पडून फुटले. सारी राई गोळा झाली. पोपट म्हणाला, "अरेरे, वाईट झालं." आणि लगेच सुतारपक्ष्याकडे वळून म्हणाला, "उद्या येतोस ना? माझ्या थोरल्यासाठी ढोली हवी आहे."

ते शब्द मला अजून पचत नाहीत. सुतारपक्ष्याच्या तर डोक्यात तिडीक गेली. "तुझ्या पिलांसाठी ही चोच पुन्हा उचलली तर माझं नाव घेऊ नकोस," तो म्हणाला. अर्धवट कोरलेली ढोली तशीच टाकून दोघे त्या दिवशीच उडाली.

वाटेत त्यांना एक लहानशी चिंचेची बाग लागली. काम बेताचेच दिसत होते. या वेळी सुतारपक्ष्याने आधी विचारले, "इथे आम्ही राहिलेलं चालेल का?" फांदीवरचा होला म्हणाला, "राहा की." नुसते म्हणून तो थांबला नाही. ढोली कोरून झाल्यावर ती वाळेपर्यंत तो तिच्या तोंडाशी राखण करत बसला. त्या ढोलीत पिल्ले झाली. पोटभर म्हणावे तसे रोज मिळत नसे, पण रात्री सगळी एका छपराखाली असत.

पुढच्या विणीच्या वेळी पोपट तिथे येऊन थडकला. राईतली खोडे किड्यांनी पोखरली होती आणि त्याच्या पिलांना ढोल्या पुरत नव्हत्या. तो गोड आवाजात म्हणाला, "परत चल. काम दुप्पट आहे."

"आणि राहायला?" सुतारपक्षिणीने विचारले.

"ते बघू नंतर."

सुतारपक्षी ढोलीतून बाहेर आला. "माझं अंडं फुटलं त्या झाडाखाली आधी जाऊन उभा राहा," तो म्हणाला. "तिथे उभं राहून पुन्हा एकदा तुझ्या तोंडून हेच निघालं, तर ये आणि मला कामाचं विचार."

पोपट गेला तो पुन्हा आला नाही.

तात्पर्य : कामासाठी गाव निवडताना तिथे काम किती आहे एवढेच विचारू नका, तिथले लोक आपल्याला राहू देतील का, हेही विचारा. आणि ज्यांना तुमचे कष्ट हवेत पण तुमचा शेजार नको, त्यांच्यासाठी एक दिवसही राबू नका.