आसनावर बसलेले आबासाहेब

एकदा एक तरुण नदीकाठच्या एका आश्रमात आला आणि तिथल्या वृद्ध आचार्यांना म्हणाला, "मला शस्त्रविद्या शिकवा. मला माझ्या वडिलांना हरवायचं आहे."

आचार्य तेव्हा एका म्हशीला पाण्यात उभं करून घासत होते. त्यांनी त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "जेवलास का?"

तरुणाचं नाव हैबतराव. हे नाव वडिलांनी मुद्दाम निवडलं होतं. आपल्या मुलाचं नाव ऐकूनच लोकांनी दबकावं, अशी त्यांची इच्छा होती. हे वडील, आबासाहेब, घाटमाथ्यावरचे बलाढ्य सरदार. एक खोरं ताब्यात आलं की पुढचं खोरं त्यांना दिसू लागे आणि मग त्यांना झोप येत नसे. सख्ख्या धाकट्या भावाला कैदेत टाकून त्यांनी त्याचा गडही घेतला. काकांच्या हातात बेड्या पडल्या तेव्हा हैबतरावाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि भर दरबारात वडिलांचा हात त्याच्या कानशिलात बसला. दुसऱ्या दिवशी तो घर सोडून निघाला.

आश्रमात तो रमला. गुरं राखायला, भात लावायला, सर्वांबरोबर पाठ म्हणायला शिकला. पण रस्त्यावर घोड्यांच्या टापा वाजल्या की तो गोठ्यात जाऊन उभा राही. आणि रोज सकाळी एका जुन्या झाडाच्या खोडावर काठीचे घाव घाली. मनात त्या खोडाला वडिलांचा चेहरा असे. रोज आबासाहेब हरत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच ताठ उभे असत.

"त्यांना हरवू कसं?" तो आचार्यांना विचारी. आचार्य हसत आणि काहीतरी काम सांगत.

असं वर्ष सरलं. नव्या भाताचा सण आला. आसपासच्या वाड्यांवरची माणसं बायकामुलांसह आश्रमात जमली. चुलाणांवर भाताच्या हंड्या चढल्या, गुळाचा वास सुटला, कुणी ढोलकी आणली. आणि नेमक्या त्या गलबल्यात टापा वाजल्या. हैबतराव गोठ्याकडे वळणार, एवढ्यात सरदार स्वारांसह अंगणात आले.

"माझा मुलगा कुठे आहे?" त्यांनी घोड्यावरूनच विचारलं. "पुढच्या खोऱ्यावर स्वारी ठरली आहे. फौज त्याला मानते. त्यानं आपल्या पायांनी यावं आणि पुढं व्हावं."

त्यात खरी गोम होती. बांधून नेलेल्या सेनापतीच्या मागं कुणी जात नाही, हे सरदारांना ठाऊक होतं.

आचार्य पिंपळाखालच्या आपल्या आसनावर बसले होते. ते उठले, उपरण्यानं आसन झटकलं आणि हात जोडून म्हणाले, "सरदार, आपण यावं. या आसनावर बसावं. आजपासून हा आश्रम आपला."

हैबतराव गर्दीआडून हे ऐकत होता. ज्यांच्या आसऱ्याला आलो त्यांनीच आपल्याला सोपवलं, असं त्याला वाटलं. सरदार मात्र खूश झाले. न लढता मिळालेली ही त्यांची पहिलीच गादी! ते उतरले, मिशीवरून हात फिरवत आसनावर बसले आणि म्हणाले, "सर्वांनी रांगेत उभं राहावं."

कुणी उभं राहिलं नाही. अवज्ञा करायची म्हणून नव्हे. भात उतरायला आला होता, सगळ्यांचे हात गुंतले होते.

इतक्यात दोन म्हातारे शिष्य भांडत आले. "महाराज, हा पाठाच्या चौथ्या ओळीत दरवेळी चुकतो आणि मलाच चुकीचं ठरवतो. आपण निवाडा करावा."

"दोघांनाही फटके द्या!" सरदार गरजले.

म्हातारे खो खो हसू लागले. त्या आश्रमात कधी कुणी कुणाला मारलं नव्हतं. नवे महाराज विनोदी आहेत, असंच त्यांना वाटलं. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ते निघूनही गेले. मग स्वयंपाक बघणाऱ्या राधक्का पदराला हात पुसत आल्या. "महाराज, पंगत बसली. चला वाढायला."

"मी? वाढायला?"

"आसनावर बसेल त्यानं वाढायचं आणि सर्वांत शेवटी जेवायचं. इथली रीतच आहे तशी."

"मी उठणार नाही!" सरदार म्हणाले.

"बरं," राधक्का म्हणाल्या. आचार्यांनीच भाताची परात उचलली. पंगत सुरू झाली. स्वारांनी एकमेकांकडे पाहिलं, घोडे बांधले आणि तेही पत्रावळीवर बसले. त्यांचा नाईक दुसऱ्यांदा भात मागताना लाजला, तशी बायका हसल्या. जेवणं झाली. ढोलकी घुमू लागली, नदीकाठी फेर धरला गेला, आणि पिंपळाखाली आबासाहेब एकटेच राहिले. पाठ ताठ, मुठी आवळलेल्या. उतरावं तर हार, आणि बसून राहावं तर हुकूम द्यायला समोर कुणी नाही.

हैबतराव लांबून पाहत होता. आजवर त्यानं वडिलांकडे डोळे भरून पाहिलंच नव्हतं. त्यांची चाहूल लागली की त्याची नजर खाली जाई. आज त्याला त्यांचे पिकलेले कल्ले दिसले, भुकेनं सुकलेलं तोंड दिसलं. त्यानं एक पान वाढून घेतलं आणि तो पिंपळाखाली गेला.

"कुणी पाठवलं तुला?" वडिलांनी विचारलं.

"कुणी नाही. तुम्ही जेवला नाहीत, म्हणून आणलं."

"मला भीत नाहीस?"

हैबतरावानं मनात शोधून पाहिलं. तिथं नेहमीचं काही सापडेना. "नाही, आबासाहेब," तो आश्चर्यानं म्हणाला. "मी स्वारीला येणार नाही. आणि काकांना सोडा. तुम्ही केलंत ते वाईट केलंत."

सरदारांचा हात उगारला गेला. मुलगा मागं सरला नाही. त्याच्या हातातलं पानही हललं नाही. तो हात काही वेळ तसाच वर राहिला, मग खाली आला आणि भाताकडे वळला.

दोन घास खाऊन सरदार म्हणाले, "मीठ कमी आहे."

"राधक्कांना सांगतो," हैबतराव म्हणाला आणि त्याला हसू फुटलं. पोट धरधरून हसला तो. कित्येक वर्षांचं साचलेलं बाहेर पडत होतं. सरदारांना त्याचं कारण कळलं नाही, पण त्यांनी पान संपवलं. सूर्य कलताना ते मुकाट्यानं घोड्यावर चढले आणि गेले.

मग हैबतरावानं आचार्यांना गाठलं. "आपण त्यांना आसन का दिलंत? मला वाटलं, आपण मला टाकलंत."

आचार्य म्हणाले, "बाळ, तू झाडाला मारत होतास आणि त्याला वडील म्हणत होतास. तुझ्या मनातले वडील डोंगराएवढे होते, त्यांच्याशी कोण लढणार? मला तुला खरे वडील दाखवायचे होते. सत्तेची भूक असलेल्या माणसाला आसन दिलं की तो पुरता दिसतो, म्हणून दिलं. त्यांचा अन्याय लहान आहे, असं मी म्हणत नाही. तो तू त्यांच्या तोंडावर सांगितलास, हे योग्यच केलंस. पण पान वाढून नेण्याचं तुला मी शिकवलं नव्हतं. ते तुझं तूच आणलंस." आणि त्यांनी त्याला फेरात ढकललं.

दिवाळीला हैबतराव आपल्या पायांनी घरी गेला. आईच्या हातचं जेवला, वडिलांना नमस्कार केला, सेनापतिपद पुन्हा नाकारलं आणि काकांची सुटका पुन्हा मागितली. असं तो दर सणाला करू लागला. फौज काही स्वारीला निघाली नाही. अखेर एका वसंतात सरदारांनी भावाच्या बेड्या काढल्या. मन द्रवलं म्हणून, की दोन गडांचा कारभार एकट्याला आवरेना म्हणून, कोण जाणे.

आश्रमात एकानं हैबतरावाला विचारलं, "मग, वडील बदलले का रे?"

"थोडेसे," तो म्हणाला. "मी बराच." आणि म्हशी घेऊन तो गाणं गुणगुणत नदीवर गेला.

ज्याला आपण जन्मभर भ्यालो, त्याच्याकडे एकदा मान वर करून पाहावं. पुढं काय करायचं, ते त्यानंतर आपोआप सुचतं.