बुंदीची उडी कोण प्यायलं?

एक होता गोठा, अगदी छोटा. त्यात राहायची बुंदी. बुंदी म्हणजे शेळीचं करडू. हे एवढंसं! अंगभर पिवळे ठिपके.

एका सकाळी बुंदी उठली. उडी मारायला गेली. धप्!
पुन्हा मारली. धप्!
"अगं बया! माझी उडी कुठे गेली?"

बुंदी निघाली, लुटूलुटू. वाटेत भेटली कोंबडी.
"कोंबडीताई, माझी उडी हरवली. आणि कानाला ही एरंडाची बी चिकटली."
कोंबडीने मान वाकडी केली. नीट पाहिलं.
"अगं बया! बीला पाय! ही बी नाही गं, हा गोचीड! तुझं रक्त पितोय. रक्ताबरोबर उडीपण प्यायला!"
"मग टिप ना त्याला!"
"एक टिपीन. भिंतीच्या भेगेत शंभर बसलेत, त्यांचं काय? आधी भेग मिटू दे."

बुंदी गेली भिंतीकडे, लुटूलुटू.
"भिंतीबाई, भिंतीबाई, भेग मिट!
भेग मिटेना,
कोंबडी टिपेना,
गोचीड सुटेना,
माझी उडी येईना!"
"अगं बया! माझ्या पोटात शंभर? पण मला कुठे हात आहेत? आधी चुना भरू दे."

बुंदी गेली चुन्याकडे, लुटूलुटू. जरा थांबली. पुन्हा लुटूलुटू.
"चुनेदादा, चुनेदादा, भेगेत भर!
चुना भरेना,
भेग मिटेना,
कोंबडी टिपेना,
गोचीड सुटेना,
माझी उडी येईना!"
"अगं बया! शंभर? पण मी हा असा कोरडा खडा. आधी पाणी पडू दे."

बुंदी गेली रांजणाकडे. लुटू... लुटू... पाय थरथरले.
"पाणीदादा, पाणीदादा, चुन्यात पड!
पाणी पडेना,
चुना भरेना,
भेग मिटेना,
कोंबडी टिपेना,
गोचीड सुटेना,
माझी उडी येईना!"
"अगं बया! पण मी रांजणात. बाहेर येऊ कसा? आधी काकू ओतू दे."

बुंदी गेली यमुनाकाकूकडे. गोठा काकूचाच. काकू सुपात ज्वारी पाखडत होती. बुंदी मटकन खाली बसली. आवाजही बारीक झाला.
"काकू, काकू, पाणी ओत!
काकू ओतेना,
पाणी पडेना,
चुना भरेना,
भेग मिटेना,
कोंबडी टिपेना,
गोचीड सुटेना,
माझी उडी येईना!"
"छे गं! माझ्या गोठ्यात गोचीड? कालच झाडलाय मी. ही तर एरंडाची बी. थांब, काढते."
काकूने बोट लावलं. बीने पाय हलवले. वळवळ वळवळ!
"अगं बया!"
सूप पडलं. ज्वारी सांडली. काकूने बुंदीला पोटाशी धरलं.
"बुंदे, माझ्या बाळा! मला दिसलंच नाही गं!"

काकू उठली.
काकूने पाणी ओतलं. "लांब हो गं, भाजेल!"
पाणी चुन्यात पडलं, धबधब.
चुना उकळला, खदखद. मग निवला.
चुना भेगेत भरला, चपचप.
भेग मिटली. पळाले ते गोचीड कोंबडीने टिपले, टिप टिप टिप!
मग कोंबडी बुंदीकडे आली. "हलू नको हं."
टिप!
गोचीड सुटला.
काकूने कडुलिंबाच्या पाण्याने कान पुसला.

पण उडी? उडी लगेच येत नाही, बाळांनो. आधी अंगात रक्त यावं लागतं. बुंदी आईचं दूध प्याली. कोवळा पाला खाल्ला. झोपली.

काकू आता रोज पाहते. हा कान. तो कान. पायांच्या बेचक्यात. शेपटीखाली.

अशीच एकदा काकू वाकून शेपटीखाली पाहत होती. तेवढ्यात...
टुण्ण!
बुंदी थेट काकूच्या पाठीवर!
"अगं बया! उतर गं, उतर!"
बुंदी उतरेना.