टोक असलेला थेंब

“पण बुवा, मी शिकवलं ते खोटं होतं का?”

हेरंब मास्तर मठाच्या ओसरीवर बसून पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. सातवीला विज्ञान शिकवणारा माणूस. हुशार, यात वाद नाही. पण ती हुशारी जरा डोक्यात गेलेली.

गिरीबुवा पावटे सोलत होते. “काय शिकवलंस?”

“पावसाच्या थेंबाचा आकार. सगळी पोरं वर टोक असलेला थेंब काढतात. पडणारा थेंब गोल असतो. मोठा असला तर हवा खालून दाबते आणि तो पावासारखा चपटा होतो. टोक नसतंच.”

“बरं. मग?”

“कस्तुरी म्हणून एक मुलगी आहे. उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, मी टोक पाहिलंय.’ मी म्हटलं, डोळे आहेत की बटणं?” मास्तरांनी मान खाली घातली. “सगळा वर्ग हसला.”

बुवांनी सोललेले दाणे बाजूला सारले.

“तेव्हापासून ती गप्पच असते. परवा मी पिठाची परात पावसात धरली, थेंबांच्या गोळ्या झालेल्या दाखवल्या. पोरं नुसती नाचली. हिला विचारलं, तुला काय दिसतं? तर म्हणते, ‘तुम्हीच सांगा सर, तेच लिहिते.’ बुवा, अख्ख्या वर्गात तिच्याइतकं नीट बघणारं कुणी नव्हतं. फार वाईट झालं हो माझ्या हातून.”

बुवांनी तांब्यात बोट बुडवून वर धरलं. बोटाला थेंब लोंबत राहिला.

“याला टोक आहे?”

मास्तर वाकून बघू लागले. “वर निमुळता आहे खरा... पण हा अजून सुटलेला नाही. सुटला की गोल होईल.”

“तिनं कुठला पाहिला होता?”

“तिनं...”

थेंब ओसरीवर पडला. बुवांनी बोट धोतराला पुसलं.

“ते मी विचारलंच नाही,” मास्तर हळूच म्हणाले.

मग एकाएकी मास्तरांचा चेहरा उजळला. उत्तर सापडलं की माणसाला अशीच घाई सुटते.

“पत्र्याच्या कडेला लोंबणारा असणार! नक्की तोच. उद्या सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागतो. सांगतो, हिनं पत्र्याचा थेंब पाहिला होता, हिचं बरोबर होतं.”

बुवांनी पुढची शेंग उचलली.

“म्हणजे उद्याही तूच सांगणार.”